विहिरीच्या प्रकरणापर्यंतचा आवाज

कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, घरात ती चिमणीच होती. जन्मली तेव्हा तिचं रडणं इतकं बारीक, की सुईण म्हणाली, हे मूल रडतंय की दाराची बिजागरी कुरकुरतेय? आईनं तिथल्या तिथं तिला चिमणी म्हणून टाकलं आणि ते नाव तिला जन्माला पुरलं. वय वाढलं, केस पिकायला लागले, पण आवाज काही वयात आला नाही. फोन उचलला की पलीकडचा माणूस हमखास विचारायचा, "बाळ, घरात मोठं कुणी आहे का?" तरुणपणी तिला याचा राग यायचा. पुढंपुढं ती सरळ "नाही" म्हणून फोन ठेवून द्यायला लागली. तेवढाच वेळ वाचायचा.

पहिल्या नोकरीत, शाळेत, या आवाजानं तिची पार फजिती केली. तो मागच्या बाकापर्यंत पोचायचाच नाही आणि मागच्या बाकावरची पोरं त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. दुसरी नोकरी मात्र त्याच आवाजानं मिळवून दिली. शहरात अंध वाचकांसाठी एक ग्रंथालय होतं. पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि घरोघरी पाठवायची, असं तिथलं काम. जो आवाज वर्गात विरून जायचा, तो माइकसमोर असा स्वच्छ उतरायचा की ऐकणाऱ्याला एकेक अक्षर वेचून हातावर ठेवल्यासारखं वाटायचं. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पाहणं शक्यही नव्हतं, अशा कितीतरी माणसांच्या घरात ती रोज संध्याकाळी बोलत असे. लग्न झालं नाही, शाळेतली पोरं हसली, नातेवाइकांनी कीव केली, या सगळ्याची भरपाई तिला तिथं मिळाली. तिला त्या आवाजाचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

वाचनाची खोली म्हणजे मुळात अडगळीची खोली. भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम चिकटवलेला, दाराला आतून रजई ठोकलेली. वाचन सुरू झालं की पंखा बंद, मग उन्हाळा असो की आणखी काही. काचेच्या पलीकडं यंत्रासमोर बसायचे ते कानपिळे. हे त्यांचं आडनाव नव्हे. दिवसभर यंत्राच्या बटणांचे कान पिळत बसतात म्हणून वाचणाऱ्यांनीच ते त्यांना बहाल केलं होतं, आणि त्यांनी ते इतक्या खुशीनं घेतलं की त्यांचं टपालसुद्धा त्याच नावानं यायला लागलं. माणूस भला. वाचणाऱ्याला ठसका लागला तर याच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

वाचणाऱ्यांचे काही नियम होते. बैठकीआधी दूध नाही, घशात चिकटा धरतो. कडक इस्त्रीचे कपडे नाहीत, खसखसतात. उपाशीपोटी बसायचं नाही, नाहीतर नायिका प्राण सोडत असताना नेमकं पोट गुरगुरतं. आणि सगळ्यात मोठा नियम धाग्याचा. एक पुस्तक महिनोन्‌महिने चालतं. काल कोणत्या सुरात थांबलो ते आज आठवत नाही. म्हणून बसल्याबसल्या कानपिळे आदल्या बैठकीचा शेवटचा तुकडा हेडफोनमध्ये लावायचे. तो सूर कानात धरायचा आणि तिथून पुढं वाचायचं. याला ते धागा घेणं म्हणत. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये, ही त्या खोलीची इभ्रत होती.

घरी आई होती. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून तिनं मुलीला वाढवलं आणि म्हातारपणी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून आई घर कानांनी चालवायची. किटलीत पाणी किती आहे ते तिला आवाजावरून कळायचं. विसरायचीही, पण ते त्या वयाचं माणूस जेवढं विसरतं तेवढंच. चहा घेतला की नाही, कवळी कुठं ठेवली, इतपत. दुपारी सांभाळायला येणाऱ्या मावशी गेल्या की आई आतून कडी लावून घ्यायची आणि मुलीची वाट बघत बसायची. मुलगी जिन्यावरून हाक मारायची, "आई, मीच गं." आतून यायचं, "आली माझी चिमणी," आणि कडी निघायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

मग दुखणं मागं लागलं. दर महिन्याला इतकं दुखायचं आणि अंगावरून इतकं जायचं की ती वाचनाच्या खुर्चीत पांढरीफटक पडायची. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढतंय. एकतर शस्त्रक्रिया करा, नाहीतर काही महिने कॅप्सूल घ्या. शस्त्रक्रिया म्हणजे आईचं कोण बघणार? तिनं कॅप्सूल निवडल्या. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "हे औषध पुरुषी हार्मोनच्या जातीचं आहे," त्या म्हणाल्या. "वजन वाढेल, पुटकुळ्या येतील, हनुवटीवर केसही येतील. त्याचं एवढं नाही. पण थोड्या बायकांचा आवाज जाड होतो. तसं जरा जरी वाटलं तरी त्याच दिवशी बंद करायचं आणि माझ्याकडं यायचं. नंतर तो आवाज परत येईलच असं नाही."

"डॉक्टर, माझं पोटच आवाजावर आहे," ती म्हणाली. "माझ्याइतकं लक्ष दुसरं कोण ठेवणार?"

आणि तिनं ठेवलं हो लक्ष, अगदी डोळ्यांत तेल घालून. दर बैठकीला धागा घेताना ती डोळे मिटून स्वतःचा आवाज तपासायची. आपला कालचा आवाज रोज यंत्रावर ऐकायला मिळतो अशी दुसरी बाई या शहरात नसेल, असं तिला वाटायचं. ते खरंही होतं. दुखणं महिन्या-दोन महिन्यांत थांबलं. कित्येक वर्षांनी तिला बरं वाटत होतं आणि बरं वाटणारं माणूस फारशा शंका काढत नाही.

थंडी सुरू झाली. थंडीत वाचणाऱ्यांचे घसे बसतात, त्यात नवल नाही. सगळेजण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात, वाफ घेतात, ती पण करत होती. बोलताना छातीत काहीतरी जड हलल्यासारखं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी धागा ऐकला की आवाज ठीक असायचा, तोच तो, बारीक, नितळ. आतून जड वाटतं पण उतरतं चांगलं, असं ती स्वतःला सांगायची. सिलिंडरवाला फोनवर तिला "हो साहेब" म्हणाला, तेव्हा मात्र ती हसली. जन्मभर बाळ म्हणवून घेतल्यावर एकदम साहेबाची बढती.

आईला मात्र हसू आलं नाही. एका संध्याकाळी स्वेटरची गुंडाळी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "चिमे, तुझा घसा जाडावलाय. दाखव कुणालातरी."

"सर्दी आहे गं."

"सर्दी मला कळते. सर्दीनं आवाज बंद होतो. हा आतून रुंद झालाय."

"आई, मी रोज मशीनवर ऐकते माझा आवाज. ठणठणीत आहे."

"मग त्या मशीनचे कान तपासून घे," आई म्हणाली.

ही गंमत तिनं दुसऱ्या दिवशी कानपिळ्यांना सांगितली. ते हसले, पण जरा उशिरानं. मग म्हणाले, "बसा, धागा घ्या." त्या वेळी एक लांबलचक कादंबरी चालू होती, दीपगृहाच्या रखवालदाराच्या कुटुंबाची. रखवालदाराची बायको आटत चाललेल्या विहिरीवर जाते ते प्रकरण नुकतंच वाचून झालं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती जिन्यावरून हाक मारून दाराशी उभी राहिली आणि कडी निघालीच नाही.

"आई, मीच गं."

"कोण?"

"मी. चिमणी."

"चिमणी यायचीय अजून. तुम्ही कोण आहात?"

ती आधी हसली, मग दार वाजवलं, मग जोरानं वाजवलं. आतून आई ओरडायला लागली की कुणीतरी पुरुष दारात आलाय. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई वर आल्या, त्यांनी ओळख दिली, तेव्हा कडी निघाली. आई ओशाळली होती. मुलीचा हात घट्ट धरून म्हणाली, "अगं, मला खरंच पुरुष वाटला." मुलीनं तिला जवळ घेतलं, थोपटलं. पण त्याच वेळी तिला वाटलं, झालं, सुरुवात झाली.

कारण विस्मरणाच्या आजारावरची दोन पुस्तकं तिनं ग्रंथालयासाठी वाचलेली होती. एखाद्या आजारावर दोन पुस्तकं वाचलेला माणूस फार धोकादायक असतो. एक पुस्तक वाचलेला निदान घाबरतो तरी. जवळच्या माणसांना न ओळखणं, घरात परका शिरलाय असं वाटणं, सगळी लक्षणं तिला पाठ होती, आणि ती एकेक करून तिनं आईला लावली. आपणच बदललो असू, हा विचार तिला शिवला नाही. रोज पुरावा कानात घेऊन बसणाऱ्या बाईला तो शिवावा तरी कसा?

ती आईला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी तारीख विचारली, आईला सांगता आली नाही. वार सांगितला. उलटे आकडे म्हणायला लावले, निम्मे जमले. मग आई वैतागून म्हणाली, "डॉक्टर, माझं डोकं ठीक आहे. माझ्या डोक्यात काय बघताय? हिचा घसा बघा."

डॉक्टर हसले. त्यांनी हिचा आवाज आजच पहिल्यांदा ऐकला होता. काही बायकांचा असतो भरदार, त्यात काय? आणि आईच्या डोक्यावरून डॉक्टरांकडं बघून मुलगीही हसली. समजुतीनं, मोठी माणसं लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तशी. त्या हसण्याबद्दल तिनं स्वतःला कधीच क्षमा केली नाही, आणि खरं सांगायचं तर करूही नये. भीती आणि संशय कमी व्हावा म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी आई शांत झाली. शांत झाली हा शब्द घरातल्या लोकांच्या सोयीचा. दुपारभर ती तोंड उघडं टाकून झोपायची, हात थरथरायचे, जागेपणी पाहिलेलं काय आणि झोपेत पाहिलेलं काय, याचा तिला ताळमेळ लागेना. आतापर्यंत मुलीच्या बदललेल्या आवाजाला तिनं डोक्यानं धरून ठेवलं होतं. आवाज जाड झालाय पण आहे चिमणीच, असं ती स्वतःला बजावत होती. गोळ्यांनी ते डोकंच सैल केलं आणि धरलेलं सुटलं. ती मुलीला "अहो" म्हणायला लागली. घरात एक भला गृहस्थ आहे, तो जेवू घालतो, औषध देतो, इतपत तिनं मान्य केलं. एका सकाळी मावशी आल्या नव्हत्या म्हणून मुलगी आंघोळ घालायला बसली. पाठीला हात लावताच आई अंग आक्रसून किंचाळली, "अहो, लाज नाही वाटत? बाईमाणसाला बोलवा कुणालातरी!" मुलगी ओला तांब्या हातात घेऊन न्हाणीघराबाहेर उभी राहिली. रडण्याचाही आवाज होऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला.

या सगळ्या धांदलीत डॉक्टरीणबाईंकडची तपासणी राहून गेली. कॅप्सूल काय, औषधवाला चिठ्ठी बघून देत होता. ती घेत राहिली.

कानपिळ्यांच्या डोळ्याला काहीतरी झालं आणि ते चार दिवस रजेवर गेले. यंत्रावर ऑफिसातल्या टायपिस्टबाई बसल्या. त्यांना चालू-बंद एवढंच येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आदल्या बैठकीचा, म्हणजे स्वतःच घेतलेला, धागा जसा होता तसा लावला. हेडफोनमध्ये कुणीतरी वाचत होतं. रुंद, कोरडा, मधेच चिरकणारा आवाज. पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा नाही, बाईचा तर नाहीच.

"अहो, भलतंच लावलंत," ती काचेतून म्हणाली. "हे कोण वाचतंय?"

टायपिस्टबाईंनी पुन्हा एकदा खात्री केली. "तुमचंच आहे की. कालचंच."

तेव्हा तिचं लक्ष शब्दांकडं गेलं. काल तिनं वाचलेलं वाक्य होतं ते. कालच्यासारखाच त्यात एका ठिकाणी श्वास चुकला होता. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हो." तो आवाज हेडफोनमधल्यासारखाच निघाला. बंद खोलीत तो तिनं पहिल्यांदा नीट ऐकला.

टायपिस्टबाईंनी फोन केला तसे कानपिळे डोळ्याला पट्टी बांधूनच धावत आले. "सर्दी आहे, उतरेल असं वाटलं," ते म्हणाले. "बैठक संपल्यावर मी यंत्रावर तुमचा सूर अगदी केसभर वर चढवायचो. मग दर आठवड्याला जरा जास्त लागायला लागलं. पुस्तकाचा आवाज मधेच बदलला तर समिती पहिल्यापासून वाचायला लावते. तुम्ही घरच्या कटकटीत. म्हटलं, कशाला यांच्या जिवाला घोर?"

"मला सांगायचं होतं ना!"

"मनाला लावून घेतलं असतं तुम्ही."

तिला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. कुणी वैरी असता तर त्यानं एवढं मन लावून, रोज न चुकता, इतक्या बारकाईनं तिचं नुकसान केलं नसतं. एवढी चिकाटी चांगल्या माणसांतच असते. ती ओरडायला गेली तर आवाज फाटला आणि दोघंही त्या आवाजाला दचकले.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर चित्र आलं. ज्यावर आयुष्यभर जगलो ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं. दोन पट्ट्या, मधे फट. बोलायला सांगितलं की त्या जवळ यायच्या आणि थरथरायच्या. कडा सुजलेल्या, लालसर.

"या पातळ, पांढऱ्या असायला हव्यात," डॉक्टर म्हणाले. "मुलांचा कंठ फुटतो तेव्हा काय होतं? हाच हार्मोन स्वरयंत्रातल्या स्नायूंना आणि पडद्यांना जाड करतो. जाड तार खालच्या सुरात बोलते. त्या कॅप्सूलनं तुमच्या घशाला तेच करायला लावलं. तुमचा कंठ फुटलाय, बाई."

"परत कधी येईल?"

"फुटलेला कंठ मागं जात नाही. कॅप्सूल आजच बंद करायच्या. सूज आहे ती उतरेल. तुम्हाला निकड असेल तर आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या देतो, लवकर उतरेल."

"स्टेरॉइड? हे झालं तेही त्याच जातीच्या औषधानं ना?"

"घराणं एकच, पण भावंडांचे स्वभाव वेगळे. त्या भावानं मांस वाढवलं, हा सूज ओढून घेतो. खरखर जाईल. वाढलेलं मांस मात्र याला काढता येत नाही."

तिनं विचारलं, "आई ओळखेल एवढा तरी येईल का?" डॉक्टर नळी पुसत राहिले. मग म्हणाले, "घेऊन तर बघा." अशा वेळी माणसं असंच काहीतरी म्हणतात.

मेंदूच्या डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. या खेपेला ते हसले नाहीत. आईच्या गोळ्या हळूहळू उतरवल्या. थरथर थांबली, दुपारची झोप कमी झाली, आई पुन्हा किटलीचा कानोसा घ्यायला लागली. पण सुटलेलं परत हातात आलं नाही. तेवढ्या महिन्यांत म्हातारपणानं आपलं काम उरकून घेतलं होतं.

सूज उतरायच्या गोळ्या तिनं देवाचा प्रसाद घ्यावा तशा घेतल्या. आठवड्याच्या शेवटी खरखर खरंच गेली. फोमच्या खोलीत एकटीच बसून ती हनुवटी वर करून, श्वास चोरून, जमेल तितक्या बारीक आवाजात एकच वाक्य घोटत राहिली. मग घरी आली, आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आई, मीच गं."

आईनं मान तिरकी केली. बराच वेळ ऐकत राहिली, जणू ते वाक्य अजून हवेत होतं. मग तिनं हात पुढं केला. मुलीचं कपाळ, नाक, गाल बोटांनी चाचपले. बोटं हनुवटीवर आली आणि तिथल्या खुंटांना लागली. सकाळीच चिमट्यानं उपटले होते, तरी काही राहिलेच होते. आईनं हात मागं घेतला आणि साडीला पुसला.

"तुम्ही फार चांगले आहात," ती हळू म्हणाली. "पण तिची नक्कल नका करू. मला सहन होत नाही."

"आई, तू मला निळा फ्रॉक शिवला होतास. घाईघाईत एक बाही उलटी लावली होतीस. मी तसाच घालून शाळेत गेले होते."

"तिनंच सांगितलं असेल तुम्हाला. बोलघेवडी आहे ती." आईचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग तिनं आवाज खाली आणला. "एक विचारू? खरं सांगाल? ती गेली ना? म्हणून तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवताय."

"नाही हो," ती म्हणाली. आईशी परक्यासारखं "हो" लावून बोलायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली. "आहे ती."

"मग येत का नाही?"



ग्रंथालयाच्या समितीनं ती कादंबरी दुसऱ्या बाईंकडून पहिल्यापासून वाचून घ्यायचं ठरवलं आणि हिला ध्वनिमुद्रणांची पाकिटं करण्याच्या टेबलावर बसवलं. कानपिळे रोज काचेतून बघायचे आणि मान खाली घालायचे. एका रविवारी ते घरी आले. बरोबर एक छोटं यंत्र आणि तिची अर्धवट कादंबरी. "आता हिचा कुणाला उपयोग नाही," ते म्हणाले. "आईंना ऐकवून बघू." तिनं मानेनंच हो म्हटलं. आईसमोर ती आताशा फारसं बोलतच नसे.

यंत्र सुरू झालं. पहिलंच वाक्य बाहेर पडलं आणि आई खुर्चीत ताठ झाली.

"हीच! अहो, हीच माझी चिमणी! कुठं होतीस गं इतके दिवस?" ती रडायला लागली, हसायला लागली, यंत्राच्या दिशेनं हात करून म्हणाली, "जेवलीस का?" यंत्र दीपगृहाच्या पायऱ्यांचं वर्णन करत होतं. आईला त्याचं काही नाही. त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला आईच्या आनंदानं बरं वाटलं आणि त्या यंत्राचा इतका मत्सर वाटला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग रोज तेच. मावशी आल्या की यंत्र लावायच्या. आई ऐकत बसायची, मधूनमधून "हळू वाच, दमशील" म्हणायची. पुढच्या रविवारी कानपिळे पुन्हा आले तेव्हा कादंबरी बरीच पुढं गेली होती. चहाचा कप त्यांच्या हातात होता. रखवालदाराची बायको कळशी घेऊन विहिरीकडं निघाली आणि आईनं हात वर केला.

"बंद करा."

"काय झालं?" कानपिळ्यांनी विचारलं.

"इथून ती नाही. इथून कुणीतरी दुसरं वाचतंय, तिच्यासारखं करून. काल जे वाचलं ते तिनं. हे तिचं नाही."

कानपिळ्यांनी कप खाली ठेवला. ते मुलीकडं बघून कसंबसं म्हणाले, "विहिरीचं प्रकरण. इथूनच. इथंच मी पहिल्यांदा चढवला होता. इतका थोडा, की दुसऱ्या दिवशी माझं मलाच कळत नव्हतं."

मुलीला आठवलं. आईनं तिला घसा दाखवून घे म्हणून सांगितलं होतं ते त्याच दिवसांत. त्याच दिवसांत, विहिरीच्या प्रकरणाच्या दिवसांत. तेव्हा थांबलो असतो तर नुसती कड सुजलेली असती. आईचे कान शाबूत होते. डोकंही शाबूत होतं. वेडं ठरवलं ते आपण, गोळ्या चारल्या त्या आपण, आपल्या हातानं, पाण्याच्या घोटाबरोबर, "घे गं आई" म्हणत. ती तिथंच खाली बसली आणि ढसाढसा रडली. जाड, फुटक्या आवाजात रडली, यंत्रापलीकडं बसलेल्या आईला ऐकू जात होतं तरी रडली.

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग कानपिळ्यांना म्हणाली, "त्या गृहस्थांना काय झालं हो? त्यांचंही कुणी गेलंय का?"

विहिरीच्या पुढचं नंतर कुणी लावलं नाही. तिथपर्यंत आलं की यंत्र थांबवायचं आणि पुन्हा दीपगृहाच्या पायऱ्यांपासून सुरू करायचं. आईला कथा आठवत नसे, त्यामुळं तिला रोज सगळं नवंच वाटायचं.

पुढं आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी यंत्र चालू होतं. आईचे ओठ कोरडे पडले होते, त्यांना भेगा गेल्या होत्या. मुलगी वाटीत पाणी आणि चमचा घेऊन उशाशी बसली. आईच्या ओठाला चमचा लावताना सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, पाणी घे—"

आईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

"श्श. गप्प बसा हो जरा. माझी मुलगी वाचतेय."

ती गप्प बसली. चमचा तसाच हातात धरून ऐकत राहिली. विहिरीचं प्रकरण यायला अजून वेळ होता.